मुक्काम न ठरवता निघालेला प्रवास: ऑस्लो करार आणि मध्यस्थांचे परराष्ट्र धोरण

आडवाट

१३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर नॉर्वेच्या मध्यस्थीने ठरलेल्या ऑस्लो करारासाठी इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी हस्तांदोलन केले. त्यापुढे सारे बिघडले ते दोन्हीकडच्या अतिरेक्यांमुळे, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते खोट करारातच होती. त्याच आठवड्यातील पत्रव्यवहारात अराफत यांच्या पीएलओने (पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेने) इस्रायलचा शांततेने अस्तित्वात राहण्याचा हक्क मान्य केला. इस्रायलने मात्र पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी एवढेच मानले, स्वतंत्र राष्ट्राचा शब्दही काढला नाही. जेरुसलेम, निर्वासित, सीमा, वसाहती हे सगळे अवघड प्रश्न पुढे ढकलले गेले आणि पाच वर्षांची मुदत ठेवली गेली. त्या काळात जमीन एकाच पक्षाच्या ताब्यात होती, आणि १९९३ मध्ये इस्रायलच्या ताब्यातील वेस्ट बँकेत सुमारे १ लाख १० हजार असलेली इस्रायली वसाहतवाल्यांची संख्या २००० सालापर्यंत दुपटीच्या जवळ पोहोचली.

वाटाघाटी घडवून आणणाऱ्या नॉर्वेवर दोघांचाही विश्वास होता, पण त्याच्या हातात देण्यासारखे किंवा रोखून धरण्यासारखे काही नव्हते. अमेरिकेच्या हातात होते, आणि ते तिने पूर्वी वापरलेही होते. १९९१ मध्ये इस्रायलने मागितलेली १० अब्ज डॉलर्सची कर्जहमी अध्यक्ष थोरल्या बुश यांनी वसाहतींच्या प्रश्नावरून अडवून ठेवली. पुढच्याच वर्षी इस्रायलचे पंतप्रधान शामीर निवडणूक हरले आणि राबिन आले. पराभवाला इतरही कारणे होती, पण पैशाचा काटा मतदाराला टोचतो, हे दिसले. म्हणून बाहेरच्या सरकारांनी आधी दोन्ही राष्ट्रांना मान्यता देऊन मुक्काम जाहीर करावा आणि आपली मदत त्या वाटेला बांधावी.

तिरकस

आपण बुश यांचे उदाहरण अर्धेच सांगितलेत. त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९२ मध्ये, बुश स्वतःही निवडणूक हरले, आणि त्यानंतरच्या अमेरिकी अध्यक्षांनी त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला.

मूळ आक्षेप मात्र वेगळा आहे. १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जेरुसलेमच्या बसगाड्यांत आत्मघातकी स्फोट झाले आणि मे महिन्यात राबिन यांच्यानंतर पंतप्रधान झालेले पेरेस एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले. राबिन यांचा खून तर त्याआधीच एका ज्यू तरुणाने केला होता. म्हणजे करार मोडला तो मतदाराच्या भीतीने. २००५ मध्ये इस्रायलने गाझातून वसाहती उठवल्या, आणि दोन वर्षांत तिथे हमास या सशस्त्र इस्लामी संघटनेची सत्ता आली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेल्यावर, वेस्ट बँकेतही हेच होणार नाही याची हमी कोण देणार, असे इस्रायली नागरिक विचारतो. त्याला बाहेरून जाहीर केलेला मुक्काम हे उत्तर नव्हे.

रेवदंडेकर

आमच्या शेजारचे बेने इस्रायली (कोकणातले मराठी ज्यू) कुटुंब इस्रायलमधल्या अश्दोदला स्थायिक झाले. फोनवर बोलताना नकाशाचा विषय क्वचितच निघतो, सायरन वाजल्यावर म्हाताऱ्या आईला आश्रयखोलीत कसे न्यायचे, हा निघतो. म्हणून तिरकस यांचा प्रश्न मला खोटा वाटत नाही. फक्त, गाझामधल्या म्हाताऱ्या आईला न्यायला आश्रयखोलीही नव्हती, हे त्याच दमात लिहायला हवे होते.

आडवाट

भीतीचा मुद्दा मान्य. पण भीतीवर उपाय करणे हेच मध्यस्थाचे काम आहे. १९७९ च्या इजिप्त-इस्रायल करारानंतर अमेरिकेने इजिप्तला परत दिलेल्या सिनाईमधल्या, सोडाव्या लागलेल्या विमानतळांच्या बदल्यात इस्रायलच्या नेगेव वाळवंटात नवे हवाई तळ उभारून दिले. संयुक्त राष्ट्रांचे सैन्य मिळेना, तेव्हा वेगळे बहुराष्ट्रीय निरीक्षक दल उभे केले. ते आजही तिथे आहे. तो करार करणारे इस्रायली पंतप्रधान बेगिन यांच्याच सरकारने सिनाईतली यामित ही वसाहत १९८२ मध्ये जमीनदोस्त केली. गाझातून २००५ मध्ये माघार झाली ती एकतर्फी, पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी (ऑस्लोनंतरच्या पॅलेस्टिनी स्वशासनाशी) करार न करता.

तिरकस

सिनाई हे वाळवंट होते आणि समोर इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्यासारखा एक नेता, एक सैन्य, एक सरकार होते. वेस्ट बँकेतल्या हेब्रॉन शहराची गोष्ट तशी नाही. शिवाय १९७८ च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत मसुदे दोन होते: इजिप्तचा तडीस गेला, पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा कागदावरच राहिला. आपल्या आवडत्या उदाहरणात पॅलेस्टिनींच्या वाट्याला काय आले, ते पाहा. आणि २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा यांनी पॅलेस्टाइनला दिलेली मान्यता नेमकी कोणाच्या हाती पडली? प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते. कायदेमंडळाची शेवटची निवडणूक २००६ ची.

आडवाट

दुसऱ्या मसुद्याबाबत आपले बरोबर आहे, आणि माझे उदाहरण तिथे लंगडे पडते. निवडणुकीचे मात्र पुढचेही सांगायला हवे. मे २०२१ ची निवडणूक अब्बास यांनी पुढे ढकलली, पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याचे आश्वासन इस्रायल देत नाही, हे कारण सांगून. ते कारण होते की निमित्त, यावर वाद घालता येईल. पण २००६ मध्ये तिथल्या टपाल कार्यालयांत मतदान झालेच होते. तेवढे पुन्हा होऊ द्या, अशी अट घालणे वॉशिंग्टनला अशक्य नव्हते, आणि ती घातली असती तर अब्बास यांच्याकडेही सबब उरली नसती.