खेळता खेळता मेसेज लिहिणं: कीबोर्डला पर्याय की पोरखेळ?

चक्रधर
मेसेज लिहायला कीबोर्डच कशाला हवा? केंब्रिजच्या डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅकाय यांनी केलेलं 'डॅशर' हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरून पाहिलंय. उजवीकडून अक्षरांचे चौकोन अंगावर येतात. कार-रेसिंगसारखं हव्या त्या चौकोनात घुसायचं, की त्याच्या पोटात पुढची अक्षरं. जे अक्षर येण्याची शक्यता जास्त, त्याचा चौकोन मोठा. चुकलात तर डावीकडे वळा, लिहिलेलं पुसलं जातं. फोनवर सगळ्यांना हेच मिळायला हवं होतं, असं माझं मत.

ठकूमावशी
म्हणजे "पोचले, दार उघड" एवढं कळवायला मी गाडी हाणायची? बटणांच्या फोनवर पोरं बाकाखाली हात घालून, न बघता मेसेज करायची. तुमच्या खेळात स्क्रीनवरून नजर हटवायची सोय नाही. आणि आता बोलूनही लिहिता येतं की!

चक्रधर
मावशी, भर मीटिंगमध्ये बोलून लिहून दाखवा! बरं, वेगही कमी नाही. २००२ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात वॉर्ड आणि मॅकाय यांनी मांडलंय: तासाभराच्या सरावानंतर, नजर टिपणाऱ्या यंत्राच्या मदतीने, नुसत्या नजरेने मिनिटाला २५ शब्दांपर्यंत.

गणपुले_नाना
इथेच गल्लत होतेय. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी हे उत्तमच. स्क्रीनवरच्या कीबोर्डच्या एकेका कळीवर नजर रोखून बसण्यापेक्षा कितीतरी बरं. पण धडधाकट माणसाचे अंगठे तेवढं सहज लिहितात, तो कशाला नवी सवय लावून घेईल? सेगाच्या 'द टायपिंग ऑफ द डेड'मध्ये टाईप करून झॉम्बी मारायचे. तिथे मजा येते, कारण शब्द गेमच पुरवतो. स्वतःचा शब्द शोधताना समोर चौकोन धावत असले की काय लिहायचं तेच विसरतं.

मालवणी_मिरची
नाना, स्क्रीनवरचा माउसचा बाण मधोमध आणला की ते थांबतं, त्याची काळजी नको. माझी अडचण वेगळी. कुठला चौकोन मोठा, हे ठरतं आधी पुरवलेल्या मजकुरावरून. वर्तमानपत्री मराठी पुरवलीत तर मालवणीत "खंय असस?" लिहायला मला फटीतूनच गाडी घालावी लागणार.

चक्रधर
फट अरुंद असेल, पण बंद नसते. ऑटोकरेक्ट तर शब्दच बदलून मोकळं होतं. शिवाय तुम्ही लिहाल तसं हे शिकत जातं.

मालवणी_मिरची
मग भावंडांच्या ग्रुपवरच्या गप्पाच पुरवून बघते. पण त्यातल्या निम्म्या रोमन लिपीत आहेत, त्यांचं काय करू?