मदत हवी आहे : मराठी फाइलींसाठी टेक्स्ट एडिटर

सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सौद्याच्या नोंदी मराठीत, सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल), यूटीएफ-8 एन्कोडिंगमध्ये. एकेक फाइल 2 लाख ओळींची. मशीन जुनं, 4 जीबी रॅम, लिनक्स मिंट. विंडोज परत घालायची नाही, म्हणून नोटपॅड++ बाद. व्हीएस कोड या मशीनला झेपत नाही. विम हा टर्मिनलमध्ये (कमांडच्या खिडकीत) चालणारा एडिटर मनापासून आवडला, पण तिथे जोडाक्षरं फुटतात: 'क्विंटल'मधला क् एकीकडे, वि दुसरीकडे, कर्सर भलतीकडेच. फॉन्ट बदलला, टर्मिनल बदललं, फरक नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा नमुना देऊन, शोधून बदलणं रोजचंच, ते हवंच. लिनक्सवरच्या एडिटरांपैकी जीनी घ्यावा की केट? एवढ्या मोठ्या मराठी फाइलवर यातला कुठला एडिटर कुणी रोज वापरतं का, आणि जोडाक्षरावर कर्सर नीट बसतो का?