१०९९ वर काम (अमेरिकेतलं कंत्राटी, कर न कापता पैसे मिळणारं): तिमाही कर किती भरायचा, वजावट कशाकशाची?

मोगरा_एडिसन
जानेवारी २०२५ पासून नोकरी सोडून १०९९ वर सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घेतलं आहे. ग्रीन कार्ड आहे, राहणं न्यू जर्सीत. वर्षाचं बिलिंग १,२०,००० डॉलर होईल, खर्च १०,०००. नवऱ्याचा पगार ८०,०००, त्यातून ६,५०० फेडरल (केंद्राचा) कर कापला जातो. रिटर्न जॉइंट. २०२४ चा एकूण कर १४,५०० आणि एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं एकूण उत्पन्न) १,४०,००० होता. तिमाही किती भरू? हेल्थ इन्शुरन्स, घरातली खोली, गाडी यातलं काय वजा होतं?

खातेवही
आधी दोन आकडे वेगळे ठेवा: हप्ते कमी भरल्याचा दंड टाळायला लागणारी रक्कम आणि प्रत्यक्ष देणं.

दंड टाळायला गेल्या वर्षीच्या एकूण कराइतका भरणा पुरतो. हा आकडा १०४० फॉर्मच्या (वार्षिक रिटर्नच्या) २४ व्या ओळीत असतो. बरेच जण एप्रिलमध्ये भरलेली बाकीच धरतात आणि फसतात. तुमचे १४,५०० वजा ६,५०० म्हणजे ८,०००, दर हप्ता २,०००. तारखा १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. नाव तिमाही असलं तरी दुसरा हप्ता दोनच महिन्यांनी येतो.

आता खरं देणं. निव्वळ १,१०,००० च्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा), म्हणजे सुमारे १५,५४०. त्यातला निम्मा उत्पन्नातून वजा होतो. शिवाय धंद्याच्या उत्पन्नावर २० टक्क्यांची क्यूबीआय वजावट आहे, पण ती फक्त इन्कम टॅक्सला, या १५.३ ला हात लावत नाही. सगळं धरून दोघांचा फेडरल कर ३४,००० च्या आसपास जातो. म्हणजे हप्ते वेळेवर भरूनही एप्रिल २०२६ मध्ये १९-२० हजार एकरकमी द्यावे लागतील. प्रत्येक चेकमधले ३० टक्के वेगळ्या सेव्हिंग्ज खात्यात टाका.

खरा दणका दुसऱ्या वर्षी. २०२५ चा एजीआय दीड लाखावर जाईल, मग पुढच्या वर्षी दंड टाळायला गेल्या वर्षीच्या कराच्या १०० नव्हे, ११० टक्क्यांचा नियम लागतो: ३४,००० चे ३७,४००.

पावशेर
हप्ता चुकलाच तर नवऱ्याला डब्ल्यू-४ च्या (पगारातून किती कर कापायचा ते कंपनीला सांगणाऱ्या फॉर्मच्या) ४(सी) मध्ये जादा कपात लिहायला सांगा. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असं धरतात, अगदी डिसेंबरात कापला तरी. थेट भरलेल्या हप्त्याला ही सोय नाही. दंड म्हणजे तसं व्याजच, २०२५ मध्ये वार्षिक ७ टक्के.

आयआरएस (कर खातं) च्या डायरेक्ट पे वर ऑनलाइन भरताना १०४०-ईएस (अंदाजित कराचे हप्ते) निवडा आणि वर्ष नीट बघा. जानेवारी २०२६ चा हप्ता २०२५ चा असतो. तिथे २०२६ टिचकवलं की पुढे पत्रव्यवहार. राज्याचा भरणा वेगळा, एनजे-१०४०-ईएस ने. क्यूबीआय न्यू जर्सी मानत नाही. कॅलिफोर्नियातल्यांनी आपलं वेळापत्रक वेगळं पाहावं: ३०, ४०, ०, ३० टक्के.

खातेवही
वजावटी:

हेल्थ इन्शुरन्स: नवऱ्याच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये तुम्हाला घेता येत असेल, तर त्या महिन्यांचा स्वतःचा प्रीमियम वजा होत नाही. प्लॅन घेतला नाही तरीही. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

खोली: फक्त कामासाठी आणि नियमित वापरातली हवी. पाहुणे आले की गादी घालता ती खोली चालत नाही. सोपी पद्धत चौरस फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फूट.

गाडी: २०२५ ला मैलाला ७० सेंट, पण मग पेट्रोल आणि दुरुस्ती वेगळी नाही. तारीख, ठिकाण, कारण, मैल त्याच वेळी लिहा.

लॅपटॉप: नगाला २,५०० पर्यंत त्याच वर्षी पूर्ण. क्लायंटबरोबरचं जेवण निम्मं.

कर खरोखर कमी करायचा तर सेप-आयआरए, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्यांचं निवृत्ती खातं. तुमच्या आकड्यांवर साधारण २०,००० टाकता येतात, तेही रिटर्नच्या मुदतीपर्यंत. यानेही १५.३ कमी होत नाही.

कोथरूड_ते_डॅलस
भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) एफडीचं व्याज हिशेबात धरा. तिथे करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे, आणि त्यातून कोणी कापत नाही.

वाचणाऱ्या इतरांसाठी: एच-१बी वर (कंपनीने दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर) असाल तर बाजूला १०९९ चं काम घेऊ नका. कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही. एच-४ ईएडी (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) असेल तर चालतं.