पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ऑपरेशन बघायला आत घ्यावं का?

बिनटाक्याचा: मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत एका सर्जनांच्या मागे ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, उभा राहतोय, हा दुसरा आठवडा. काम एकच: हात छातीशी घट्ट, निळ्या निर्जंतुक कापडापासून हातभर लांब, आणि गप्प. माझं मत, ज्याला सर्जन व्हायचंय त्याला पहिल्याच वर्षी हे दाखवावं. पुस्तकात कापणं असतं, थांबणं नसतं. दुर्बिणीने पित्ताशय काढताना सर कितीतरी वेळ नुसती चरबी सोलत होते. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, स्वच्छ दिसेपर्यंत त्या बंद करायची क्लिप मागितली नाही. दिसल्यावरही कॅमेरा फिरवून मागच्या बाजूने बघितलं. "चुकून मुख्य पित्तनलिका कापली तर हा माणूस जन्मभर भोगेल," एवढंच बोलले. पहिल्या दिवशी कॉटरीच्या, म्हणजे विजेने रक्तवाहिन्या डागण्याच्या, जळक्या वासाने गरगरलो होतो, तेही कबूल. सिस्टर मान न वळवता म्हणाल्या, "गुडघे ताठ ठेवू नकोस. पडलास तर मागे पड."

गॉज_मोजणारी: ती सिस्टर मी नव्हे, पण हे वाक्य माझ्याही तोंडात बसलंय. माझा विरोध. ओटीत हवेचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवतात, बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून. दार सारखं उघडलं की त्या दाबाला अर्थ उरत नाही, आणि बघे सारखे आतबाहेर करतात. शेवटी गॉज, म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे, मोजताना एक कमी भरलं तर मी ते शोधू, की भिंतीला टेकून पांढऱ्याफटक पडलेल्या पोराला पाणी देऊ? आधी हात धुवायला शिका, मग या.

जुना_सर्जन: सिस्टर, तोवर उशीर होतो हो. हे काम आपल्याला झेपत नाही हे वर्षं घालवल्यावर कळलेले लोक मी पाहिलेत. आणि ऑपरेशनच्या खोलीला थिएटर म्हणतात तेच मुळी बघ्यांच्या बाकांमुळे. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये ईथरची भूल दाखवली तीही प्रेक्षकांसमोरच.

टेबलावर_झोपलेली: थिएटर शब्दाचं कौतुक बाकावरच्यांना. मी टेबलावर होते. अंगात पाठीला नाडी असलेला गाऊन, डोक्याला टोपी, हाताला सलाईन, ट्रॉली दारात पोचलेली. तेव्हा विचारलं, "एक विद्यार्थी बघेल, चालेल ना?" त्या "चालेल ना"मध्ये उत्तर आधीच घातलेलं असतं. कोण नाही म्हणेल?

जुना_सर्जन: संमतीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. सही घेतो आम्ही.

टेबलावर_झोपलेली: कितव्या पानावर, ते सही करणाऱ्याला विचारून बघा एकदा.

बिनटाक्याचा: हे वाचून गप्प बसलो होतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सुरक्षा यादी आहे, 19 मुद्द्यांची. त्यात चीर देण्याआधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. मीही सांगितलं, "विद्यार्थी, बघायला." उगाच छाती फुगली होती तेव्हा. पण तोवर पेशंटला भूल दिलेली. म्हणजे माझी ओळख खोलीतल्या सगळ्यांना झाली, ज्याचं पोट होतं तो सोडून. त्याचा चेहरा पडद्यापलीकडे, मी अजून पाहिलेला नाही. पित्ताशय मात्र डोळ्यांपुढून जात नाही. तरी सांगतो, तो दिवस मला हवाच होता.

गॉज_मोजणारी: मग आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन तूच विचार. सर शेजारी नकोत. त्यांच्यासमोर कुणी नाही म्हणत नाही.

जुना_सर्जन: असं विचारत बसलात तर निम्मे नाही म्हणतील.

टेबलावर_झोपलेली: मग निम्म्या वेळा बाहेर उभं राहायचं.

जुना_सर्जन: आणि उद्या तुमच्या नातवाचं अपेंडिक्स काढणारा शिकणार कुठे? बाहेर उभा राहून?

टेबलावर_झोपलेली: निम्मे हो म्हणतील असं तुम्हीच म्हणालात ना सर? त्यांच्याकडे शिकेल.

बिनटाक्याचा: उद्या सकाळी आठला हर्निया आहे. संध्याकाळी वॉर्डात जातोय, एकटाच. सुरुवात कशी करू?

गॉज_मोजणारी: उभ्याउभ्या विचारू नकोस. खुर्ची ओढून बस आधी.