अंधाऱ्या घुमटातला 'विश्वाचा नाद' नेमका कोणाचा?

धागालेखक : खगोलशास्त्रीय विदेचे (डेटाचे) ध्वनीत रूपांतर करून ती अंधाऱ्या घुमटात ऐकवणाऱ्या कलाप्रयोगांच्या निवेदनात हल्ली 'विश्वाचा अनाहत नाद' असे शब्द हमखास येतात. अशाच एका प्रयोगात ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहातील कृष्णविवराचा 'आवाज' सुरू झाला, पाठीखालची जमीन थरथरू लागली आणि शेजारच्या गृहस्थांनी हात जोडले. तिथल्या तप्त वायूत दाबलहरी, म्हणजेच ध्वनिलहरी, आहेत हे २००३ मध्ये समजले, हे खरे आहे. मात्र त्यातील एक आंदोलन पूर्ण व्हायला सुमारे एक कोटी वर्षे लागतात. तो स्वर पियानोच्या मधल्या 'सी'पासून ५७ सप्तके खाली असल्याने नासाने २०२२ मध्ये तो तितकी सप्तके वर चढवून ऐकवला. निवेदकाने यातले अक्षरही सांगितले नाही, आणि माझा आक्षेप एवढाच आहे.

प्रतिसाद १ : आक्षेप एकांगी वाटतो. क्ष-किरणांना रंग कुठे असतो? तरीही दुर्बिणींची रंगीत छायाचित्रे आपण कौतुकाने भिंतीवर लावतोच. आकाशगंगेच्या केंद्राच्या ध्वनिरूपात चित्र डावीकडून उजवीकडे वाचले जाते, बिंदू जितका वर तितका स्वर उंच आणि जितका तेजस्वी तितका मोठा. हा संकेत माणसाने ठरवला म्हणून त्यामागची विदा खोटी ठरत नाही. शेजारच्या गृहस्थांनी हात जोडले, यात फसवणूक कोणाची झाली?

प्रतिसाद २ : दोघेही एक भेद विसरत आहात. वांडा दियाझ-मर्सेड या दृष्टिहीन खगोलशास्त्रज्ञ विदा ऐकून तिचा अभ्यास करतात. तिथे ध्वनी हे उपकरण आहे आणि संकेत चुकला तर निष्कर्षही चुकतो. घुमटात मात्र सगळ्याखाली तंबोऱ्यासारखा एक अखंड षड्ज लावलेला असतो. तो कोणत्या दुर्बिणीतून आला, हे एकदा विचारायला हवे.

धागालेखक : रंगांचा मुद्दा मान्य, पण छायाचित्राखाली निदान टीप असते, घुमटाची तर रचनाच अशी की प्रश्न सुचू नये. शिवाय, १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या अमेरिकेतील वेधशाळेने टिपलेल्या गुरुत्वीय लहरीची (अवकाश-काळातील तरंगाची) वारंवारता सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, म्हणजे ती मुळातच आपल्या श्रवणकक्षेत होती. सप्तके न चढवता ती ऐकवता येते, पण जेमतेम ०.२ सेकंद टिकते. खोकल्यापेक्षाही लहान असलेल्या त्या 'टुप्' आवाजावर कोणी तासाभराचा प्रयोग उभारत नाही.

प्रतिसाद ३ : मी नियमित ध्यान करते, त्यामुळे मला प्रतिसाद १ ची बाजू घ्यावीशी वाटली होती, पण ज्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा आहे, तोच इथे चुकीचा वापरला जातो. अनाहत म्हणजे आघाताशिवाय उमटणारा नाद. ध्वनिक्षेपकाचा पडदा हवेवर आदळून जे निर्माण होते ते व्याख्येनेच आहत आहे, मग विदा कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून आलेली का असेना. विज्ञानाच्या बाजूने टीप मागितली जात असेल, तर आमच्या बाजूने हा शब्द मागे घेण्याची मागणी आहे, आणि जमल्यास शेवटची दोन मिनिटे ध्वनिक्षेपक बंद ठेवावेत.

प्रतिसाद १ : शब्द सोडायला माझी हरकत नाही. दोन मिनिटांच्या शांततेत मात्र लोक भ्रमणध्वनी बाहेर काढतील, आणि घुमटात तेवढाच उजेड दिसेल.