मदत हवी आहे: आई-बाबांना रिपोर्ट वाचता येतो, पण ताटात काय बदलायचं ते कसं सांगू?

नमस्कार मंडळी. आई-बाबा वाईजवळच्या गावात असतात, मी पुण्यात. आईला मधुमेह, बाबांना बीपी. दोघंही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, आरोग्य पुरवणीची कात्रणं जपून ठेवणारे. माहिती भरपूर आहे. पुढे गाडी अडते.

आईने साखर सोडली आणि चहात गूळ सुरू केला. "डॉक्टर साखर नको म्हणाले, गुळाचं कुठे काय म्हणाले?" यावर काय बोलणार! भात बंद, पण चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी हक्काची. तपासणीच्या आधी दोन दिवस जेवण निम्मं करते, म्हणजे उपाशीपोटीची साखर बरी येते. मग तो कागद आल्यागेल्याला दाखवायचा. या वेळी एचबीएवनसी ८.४ आलं. त्यात साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते, दोन दिवस कमी जेवून ते फसत नाही, असं सांगितलं तर म्हणे लॅबवाल्याचंच चुकलं असेल.

बाबा सैंधव खातात, त्यामुळे त्यांच्या मते मीठ मोजायचं कारणच नाही. लोणचं-पापड तर जेवणात धरतच नाहीत. बीपी १२०-८० आलं की "आता बरा झालो" म्हणून गोळी बंद. गोळीमुळेच आकडा खाली आलाय, हे कितीदा सांगायचं?

मी बोलले की "तू काय डॉक्टर आहेस का?" डॉक्टरांकडे गर्दी, ते "पथ्य पाळा" म्हणतात, हे दोघं मान डोलावतात. कुणी घरच्यांना हे पटवून दिलंय का? भाकरी-कालवणाच्या भाषेत सांगणारं मराठीत काही आहे का? ओट्स आणि किन्वाचे तक्ते नकोत, प्लीज.

निवृत्त_परिचारिका:
गोळीचं आधी बघा, ती मनाने बंद करणं सगळ्यात धोक्याचं. पुढच्या वेळी सोबत जा आणि डॉक्टरांसमोरच बाबांना विचारा, "आता घरी गेल्यावर गोळी कशी घेणार, सांगा बरं?" "समजलं का?" विचारलं की सगळे हो म्हणतात. स्वतःच्या तोंडाने सांगताना घोटाळा बाहेर येतो. आम्ही वॉर्डात हेच करायचो.

सैंधवातही बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. वाद घालू नका. मिठाचा नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. दोघांच्या घरात किलोचा पुडा शंभर दिवसांच्या वर टिकायला हवा, आणि लोणचं-पापडातलं मीठही त्याच मर्यादेत धरायचं.

आईंना ताटच दाखवा: निम्म्यात भाजी-कोशिंबीर, पाव भागात उसळ किंवा डाळ, उरलेल्या पावात भाकरी. गुळानेही साखर वाढतेच. ग्लुकोमीटर असेल तर खिचडीनंतर दोन तासांनी त्यांनाच बोट टोचून बघू दे. तिथे लॅबवाल्यावर ढकलता येणार नाही.

धागाकर्ती:
खूप आभार! ग्लुकोमीटर या शनिवारीच नेते. मिठाचं आत्ताच फोनवर विचारलं. किलोचा पुडा महिनाभरात संपतो म्हणे, पण बाबांचं म्हणणं, त्यात म्हशीच्या आंबोणातलंही धरलंय. म्हशीचं वेगळं कसं काढू?