एकाच वर्गात ७१ वर्षांच्या आजी आणि १९ वर्षांची मुलगी: शिकवायचं कसं?

प्रश्न: नवी_शिक्षिका

नमस्कार. २०० तासांचा योगशिक्षक अभ्यासक्रम गेल्या महिन्यात पूर्ण केला आणि लगेच सकाळची एक बॅच मिळाली. १४ जण आहेत. त्यात ७१ वर्षांच्या एक आजी, उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला. एकीला पाचवा महिना लागलाय. एक काका रक्तदाबाच्या गोळ्या घेतात. दोघं रोज पळणारे, मांडीमागच्या शिरा इतक्या आखडलेल्या की दंडासनात, म्हणजे पाय समोर लांब करून बसल्यावर, पाठ सरळ राहत नाही. आणि एक १९ वर्षांची मुलगी, जी पहिल्याच दिवशी सहज चक्रासनात गेली.

अभ्यासक्रमात आम्ही एकमेकींवरच सराव करायचो, आणि सगळ्या साधारण एका वयाच्या, धडधाकट. दुसऱ्याच दिवशी मी सरसकट सगळ्यांकडून सूर्यनमस्कार घेतले. तिसऱ्या आवर्तनाला आजी थांबल्या आणि मागे भिंतीशी जाऊन बसल्या. मी म्हटलं, "जमत नसेल तर बसून बघा, चालेल." वर्ग संपेपर्यंत त्या बघत बसल्या. त्यानंतर आल्या नाहीत. माझं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

वेगळ्या बॅच पाडू की आणखी एखादा अभ्यासक्रम करू? मिश्र गटाला शिकवणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

उत्तर: जुनी_सतरंजी

ताई, आधी आजींना फोन करा. वर्ग आखताना तुमच्या गुडघ्याचा विचार माझ्याकडून राहिला, एवढं सरळ सांगा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी १६ वर्षं शिकवतेय. पहिली तीन-चार वर्षं मीही चित्रातलं आसन शिकवायचे आणि ज्याला ते येत नाही त्याला म्हणायचे, जमेल तेवढं करा. त्या 'जमेल तेवढं'मध्ये आसन ज्यासाठी करायचं तेच नेमकं हातून सुटतं. तुमच्या पळणाऱ्यांचंच घ्या. उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, हात जमिनीला लावायचे म्हणून ते पाठ गोल करतील आणि मांडीमागे यायचा ताण कमरेवर येईल. त्यांना खुर्चीच्या बैठकीवर हात टेकवू द्या, गुडघे किंचित वाकलेले, बसायची हाडं मागे आणि पाठ लांब. हात जमिनीपासून दीड फूट वर राहिले तरी मांडीमागचा स्नायू बरोबर ताणला जातो.

म्हणून प्रत्येक आसनाला मी आधी एकच प्रश्न विचारते: यातून शरीराला काय मिळायला हवं? वीरभद्रासन दोनमध्ये मला मांडीची ताकद, उघडलेली जांघ आणि रुंद छाती हवी असते. हे सगळं खुर्चीवर मिळतं. बैठकीच्या कडेला सरकून बसायचं, उजवी मांडी बैठकीवर आडवी टेकलेली, पाऊल बरोबर गुडघ्याखाली. डावा पाय दुसऱ्या बाजूला लांब, पाऊल जमिनीत दाबलेलं. हात खांद्यांच्या रेषेत. आजी हे पहिल्या दिवशी करतील. आता त्या १९ वर्षांच्या मुलीला सांगा, याच स्थितीत बैठकीपासून दोन बोटं वर उठ आणि पाच श्वास थांब. तिची मांडी थरथरायला लागेल. अशा लवचिक मुलांना आणखी वाकवायची गरज नसते, त्यांना धरून ठेवणं शिकवायचं असतं.

यातला क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खुर्चीचा प्रकार आधी, आणि तो सगळ्यांना. मग तिथून पुढे ज्याला जायचं तो जाईल. उलट केलंत, म्हणजे पूर्ण आसन दाखवून मग 'ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी' म्हणालात, की खुर्चीवर बसणारा माणूस सगळ्यांदेखत मागे पडतो. 'जमत नसेल तर' हे शब्द मी बोलण्यातून पूर्ण काढून टाकले. त्याऐवजी सांगते, आज गुडघ्याला विश्रांती हवी असेल तर हे करा, मांडीला काम हवं असेल तर ते करा.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्च्या, पट्टे, दोर, विटा, लोड यांचा एवढा वापर केला तो शरीर आसनापर्यंत पोचावं म्हणून. त्याकडे कमीपणा म्हणून बघणं मला पटत नाही.

आणखी एक. "कुणाला काही त्रास आहे का?" असं सगळ्यांसमोर विचारलंत तर कुणी तोंड उघडणार नाही. वर्गाआधी दहा मिनिटं एकेकाला बाजूला घेऊन विचारा. काकांना कुंभक (श्वास रोखून धरणं) आणि शीर्षासन नको, पुढे वाकून उठताना सावकाश. गर्भवती ताईंना डॉक्टरांची परवानगी हवीच. कपालभाती, श्वास रोखणं, पोटावर झोपणं, पोट दाबणारा पीळ हे सगळं बंद. शवासन डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन.

बॅच वेगळी करू नका असं मी म्हणणार नाही. गर्भवतींसाठी खास वर्ग मिळाला तर उत्तमच. पण आजींना 'ज्येष्ठांच्या बॅच'ला पाठवायची घाई नको. अभ्यासक्रमही जरूर करा, फक्त आणखी अवघड आसनांचा करू नका. शरीररचना आणि योगोपचाराचा करा.

उत्तर: शांत_कान

मी शिक्षिका नाही, विद्यार्थिनी आहे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र लावून वर्गाला जाते, पण आडवं झालं की ते शिट्टी मारतं म्हणून शवासनात काढून ठेवते. म्हणजे 'डोळे मिटा' म्हटलं की माझ्यापुरता वर्ग बंद. कित्येक वर्षं मी एक डोळा किलकिला ठेवून पडायचे, बाकीचे उठले का ते बघायला. शवासन म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं.

आताच्या बाई शवासन संपताना माझ्या चटईशेजारी तळहाताने दोनदा थोपटतात. जमीन लाकडी आहे, ते पाठीला कळतं. पहिल्या दिवशी असं थोपटल्यावर मी उठून रडले होते. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला कसं कळवू?" हात लावायचा असेल तर त्या समोर येऊन, विचारून लावतात.

उत्तर: फिजिओ_आहे

जुनी_सतरंजी यांनी बहुतेक सांगितलंच आहे. दोन भर घालतो. काचबिंदू आहे का, हे मुद्दाम विचारा. डोळ्याचा आणि योगाचा काय संबंध असं वाटून लोक सांगत नाहीत, पण हात-पाय टेकून कंबर वर, डोकं खाली अशा अधोमुख श्वानासनातसुद्धा डोळ्यातला दाब वाढतो. आणि हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खोल पुढे वाकणं आणि जोराचा पीळ टाळा, मणक्याला फ्रॅक्चर होऊ शकतं. आजींच्या गुडघ्याबद्दल: वज्रासन आणि गुडघ्यावर भार देणारं काहीही त्यांच्या सर्जनला विचारल्याशिवाय नको.

नवी_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. शांत_कान ताई, तुमचं उत्तर तीनदा वाचलं.

आजींना काल फोन केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बसायला सांगितलंस त्याचं काही नाही गं. पण नंतर तू एकदाही माझ्याकडे वळून बघितलं नाहीस." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोमवारी येते म्हणाल्यात, खुर्ची पुढच्या रांगेत ठेवशील तर. १४ खुर्च्या गोळा केल्यात. दोन खुर्च्यांच्या पायांना रबर नाही, त्या चटईवर ठेवून पाठ भिंतीला लावणार आहे. आजींची त्यातली नाही, ती मी स्वतः बसून हलवून बघितली.